पोपटछाप

तपासनिसाने पोपटछाप पत्त्यांच्या कॅटमधलं पहिलं पान दिव्याकडे धरलं आणि नाक असं मुरडलं, जणू त्यातून उजेड नाही, वास येतोय.

"आरपार," तो म्हणाला. "मागून बदामचा राजा दिसतोय. उजेड अडवायला दोन कागदांच्या मध्ये काळी खळ लावतात, हे कधी कानावरून तरी गेलंय का?"

समोर कटिंगवाला बसला होता. पोपटछाप पत्ते कापायचं यंत्र तोच चालवायचा आणि आज या घरची मुलगी मागायला आला होता. "रिकाम्या हाताने येऊ नकोस, तुझ्या हातचं काम घेऊन ये," असा तपासनिसाचा निरोप होता. म्हणून हा कॅट.

तपासनीस दुसऱ्या कारखान्यात पत्ते तपासायचा, जिथले पत्ते मखमलीच्या पेटीतून विकले जातात. त्याने तिथे नापास केलेल्या पानांचा ढीग छताला टेकला होता म्हणतात. खरंखोटं तो ढीगच जाणे. पण मुलगी झाली तेव्हा हातात दिलेलं बाळ त्याने आधी उजेडाकडे धरून पाहिलं होतं, हे मात्र खुद्द त्याची बायको सांगते.

त्याने पान वाकवून टोकाला टोक लावलं आणि सोडलं. चांगलं पान ताडकन सरळ होतं. हे वाकलेलंच राहिलं, साहेबापुढे कारकून राहावा तसं.

"पाठीवर काय काढलंय?"

"पोपट."

"मला उपाशी कावळे वाटले. आणि ही राणी बघ, ओठ हनुवटीवर उतरलेत बिचारीचे. गुलामाची मिशी कानात शिरलीय. कड इकडे बोटभर, तिकडे नावाला. मोतीबिंदू झालेला माणूससुद्धा पाठीवरून पान सांगेल. ही कड कुणी कापली?"

"मीच, काका."

"वाटलंच. दाताने कापलीस का?"

बायकोने चहा आणून ठेवला. नवऱ्याला दोन चमचे साखर घातली. पाहुण्याचा कप न विचारता बिनसाखरेचा पुढे सरकवला. तपासनीस पानाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. त्याला काय दिसणार?

"काका, हे स्टँडवर विकायचे पत्ते," कटिंगवाला म्हणाला. "गाडी येईपर्यंत लोक खेळतात आणि बाकावर ठेवून जातात."

"मागून येणारा त्यांनी बाक पुसत असेल. तेवढा तरी उपयोग." तपासनिसाने भिंतीकडे बोट केलं. तिथल्या काचेच्या कपाटाला कुलूप होतं आणि आत मखमलीच्या पेट्या ओळीने बसल्या होत्या. "ते पत्ते. घरात कुणाला हात लावू देत नाही मी. हाताला घाम असतो. आता तूच सांग, असलं कापणाऱ्याच्या हातात माझी मुलगी देऊ?"

"एक डाव खेळून तरी बघा, बाबा," दारात उभी असलेली मुलगी म्हणाली.

"ह्या पत्त्यांनी?"

"नवा कॅट निसटतो हातातून," बायको म्हणाली आणि तिने कोचाच्या गादीखाली हात घातला. "हा घ्या, आपला जुनाच बरा."

तो जुनाही पोपटछापच होता. कडा काळवंडलेल्या, पानं फडक्यासारखी मऊ, पोपटांची पिसं हाताळून झडलेली.

"आपला?" तपासनीस म्हणाला.

"तुमची दुपारची पाळी असली की आम्ही पत्ते कुटतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, ही, आणि समोरच्या काकू." एवढं बोलून बायको कपबश्या इकडच्या तिकडे करू लागली.

बावन्न पानं तिघांत सारखी बसत नाहीत, हे तपासनिसाला कुणी शिकवायला नको होतं. तो विचारणार तेवढ्यात मुलीने टेबल पुढे ओढलं. टेबल डुगडुगलं. कटिंगवाला पत्ते पिसता पिसता खाली वाकला, त्याने जमिनीवरून काहीतरी उचललं आणि न बघता टेबलाच्या खिडकीकडच्या पायाखाली सरकवलं. टेबल गप्प झालं.

तो तसाच पुढे पिसत राहिला. मग एकदम थांबला. मुलीने कपाळावर हात मारला. बायकोला चहाच्या चोथ्याची आठवण झाली, पण ती उठली नाही.

तपासनीस सावकाश खाली वाकला. त्याने ती पाचर ओढून काढली आणि उलगडली. चार घड्या घातलेला चौकटचा राजा. कापडासारखा विणीचा पोत, गर्द लाल शाई, चारी बाजूंना केसाएवढीही चूक नसलेली कड. त्याने कपाटाकडे पाहिलं. कुलूप जागेवर होतं. किल्ली कुठे असते हे बायकोला माहीत नाही, असं त्याला आजवर वाटत होतं.

"आधी आमचाच पत्ता घातला होता, काका," कटिंगवाला हळूच म्हणाला. "दोन दिवसांत दबला. हा अजून आहे तसाच आहे."

तपासनिसाने राजा दिव्याकडे धरला. घडीतूनसुद्धा उजेड जात नव्हता. टेबल तिरकं झालं होतं. बिनसाखरेचा कप कडेकडे सरकत होता, आणि कुणीही तो धरत नव्हतं.

"घडी कुणी घातली ही?" त्याने विचारलं.

"मीच."

"कोपऱ्याला कोपरा लागत नाही. म्हणे कटिंगवाला."

त्याने राजाच्या पुन्हा चार घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा लावून, नखाने दाबून, आणि गुडघ्यावर बसून स्वतःच्या हाताने तो टेबलाच्या पायाखाली सारला. मग टेबल हलवून पाहिलं. हललं नाही. तो चौथ्या, समोरच्या काकूंच्या खुर्चीत बसला.

"वाट," तो म्हणाला.

पानं वाटून झाली. पुढ्यात आलेले पोपट त्याने दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर उचलावा तसे उचलले, तोंडापासून जरा लांब धरले आणि विचारलं,

"हुकूम काय?"