सगळा कळप

दुष्काळात चारा शोधत केरबाचे भाऊ लेकराबाळांसकट मेंढरं घेऊन लांब गेले होते. केरबा आणि त्याची बायको सुगंधा मात्र शहरातल्या दवाखान्यात बसून होती. मांडीवरच्या लेकीच्या, अक्षदाच्या फुफ्फुसात गाठ निघाली होती, मूत्रपिंडातही एक. डॉक्टर म्हणाले होते, हा दोष आईकडून नाहीतर बापाकडून आला असेल. ज्याच्याकडून आला, त्याच्या भावाबहिणींची लेकरंही तपासावी लागतील. दोघांच्या रक्ताचा रिपोर्ट आज मिळणार होता.

तेवढ्यात केरबाच्या आईचा फोन आला. तिचा आवाज सुगंधालाही ऐकू येत होता. "इकडं धूळ लई हाय रं, धाकल्याचं लेकरू बी खोकतंय. अन् ऐक, कोकरं दगावली की आपण मेंढीच बाजाराला काढतो, एडका नाय. दोष तिच्यातच आसंल."

केरबानं फोन ठेवला. "आईचं मनावर घेऊ नगं."

"माझ्यातच निघू दे," सुगंधा म्हणाली.

"येडी का काय तू?"

"मी आईबापाला एकलीच हाय. मेंढीत निघालं तर एक मेंढी जाती. एडक्यात निघालं, तर सगळा कळप तपासावा लागंल." तिनं अक्षदाला पोटाशी धरलं. "धाकल्या भावजींचं लेकरू खोकतंय म्हणल्या, ऐकलं नाय का?"