एका दमात

दुसरी ओळ संपता संपता भिंत वाजली. ठक. ठक.

ऋताची बोटं तारांवरच थिजली. रव्याच्या डब्याला टेकवलेला मोबाईल तिनं उचलला, रेकॉर्डिंग बंद केलं आणि पुसून टाकलं. दुपारपासून हेच चाललं होतं.

नेरूळच्या त्या दोन खोल्यांत तिनं जय्यत तयारी केली होती. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, रस्त्याकडच्या खिडकीवर गोधडी. घामानं ती नुसती निथळत होती. एवढा आटापिटा कशासाठी, तर आईच्या आवडीचं एक जुनं गाणं गिटारवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात गाऊन मैत्रिणीला, क्षिप्राला पाठवायचं. संध्याकाळच्या आत ते पोचलं, तर रविवारी वाशीच्या हॉलमध्ये क्षिप्राच्या ग्रुपबरोबर ऋता गाणार होती. नाही पोचलं, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला.

गळा गोड होता, अडचण धिटाईची होती. गेल्या गणपतीत ती सोसायटीच्या मांडवात माईकसमोर उभी राहिली, पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं, आणि बाईसाहेब अर्ध्या कडव्यात पळाल्या. तेव्हापासून आपला आवाज लोकांना खुपतो असं तिच्या मनानं जे घेतलं ते घेतलंच. घरी रेकॉर्डिंग करून भीती मोडायची, ही कल्पना क्षिप्राची. पण घरी वेणूबाई होत्या.

म्हणजे भिंतीपलीकडे. सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. ऋता गायला बसली की कधी ना कधी पलीकडून लाटणं आपटायच्या. एकदा तर ती नुसत्या तारा लावत होती, तरी ठकठक. मग आई गॅस बंद करायची, पदराला हात पुसत शेजारी जायची आणि बऱ्याच वेळानं परतायची. तिच्या हातांना बामचा वास यायचा.

"रागावल्या का गं?"

"नाही. तू गा."

"मग भिंत कशाला ठोकतात?"

"म्हातारं माणूस आहे," एवढंच म्हणून आई कणीक मळायला घ्यायची.

आई तिकडे त्यांचे पाय चेपून माफी मागत असणार, हे ऋताला न सांगता कळत होतं. लिफ्टमध्ये भेटल्या की वेणूबाई हसून म्हणायच्या, "ऐकू येतं हो मला सगळं." तो टोमणा तिला दिवसभर पुरायचा.

आज आई घरात नव्हती. चिपळूणच्या मामाला दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला आणि ती सकाळी घाईघाईनं निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "शेजारी जरा लक्ष असू दे." इतकी माफी मागून झाली, तरी जातानाही त्यांचीच काळजी! ऋता मनातून चिडलीच होती.

तिनं क्षिप्राला फोन लावला. "नाही जमत गं. शेजारची आजी भिंत ठोकतेय."

"ठोकू दे ना यार! रविवारी काय सगळे गप्प बसणारेत? पोरं रडतील, खुर्च्या सरकतील, कोणाचा फोन वाजेल. तेव्हा पण पळणार?"

"त्यांना त्रास होतो, क्षिप्रा."

"हेच तुझं टेन्शन आहे. मागे काय पण होऊ दे, थांबायचं नाही. थांबलीस की संपलं."

ऋता घोटभर पाणी प्यायली. मध्येच कुणाचा फोन नको म्हणून मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकला, पुन्हा डब्याला टेकवला आणि डोळे मिटले.

पहिलं कडवं नीट गेलं. मग ठक. तिचा आवाज हलला, पण ती थांबली नाही. ठक, ठक. तिनं भिंतीकडे पाठ फिरवली आणि तारा जोरात छेडल्या. पलीकडची ठकठक तालात नव्हती. मध्येच घाई, मध्येच लांब खंड. बाई चांगल्याच संतापलेल्या दिसत होत्या. संतापू देत, ऋताला वाटलं. जन्मभर काय लोकांना विचारून गाऊ?

दुसऱ्या कडव्याला ठोके मंद झाले. तिनं आवाज आणखी मोकळा सोडला. शेवटच्या कडव्याआधी भिंतीवर नुसतं काहीतरी घासल्यासारखं झालं, आणि मग तेही नाही. ऋता गात राहिली. इतकं मनमोकळं ती आजवर कधी गायली नव्हती.

शेवटचा सूर विरला तेव्हा सगळं चिडीचूप होतं. ऋताला रडू आलं, आनंदाचं. या वेळी ती पळाली नव्हती.

एअरप्लेन मोड काढून तिनं लगेच गाणं पाठवून दिलं. क्षिप्राचं उत्तर आलं, "एक नंबर! नाव टाकते तुझं. शेवटचं कडवं तर कसलं क्लीन आलंय!"

ऋतानं पंखा लावला, खिडकीवरची गोधडी काढली. वाऱ्यासरशी जीव थाऱ्यावर आला. भिंतीकडे बघून तिला वेणूबाईंची थोडी दयाच आली. उद्या वाटीभर शिरा नेऊन द्यावा, म्हणजे राग जाईल, असं तिनं ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात मोबाईल वाजला. आई.

"कुठे होतीस? कधीची फोन लावतेय! वेणूताई पण उचलत नाहीयेत."

"रेकॉर्डिंग चाललं होतं. आई, ऐक ना, मला जमलं!"

"ते राहू दे, आधी माझं ऐक. वेणूताईंनी शपथ घातली होती, म्हणून तुला बोलले नव्हते. त्यांचा पाय मध्येच लुळा पडतो गं. पडल्या की उठता येत नाही. मुलाला कळलं तर तो घर बंद करून घेऊन जाईल, म्हणून लपवतात. आमचं ठरलंय, त्यांनी लाटण्यानं भिंत वाजवायची की मी धावायचं. तुला वाटायचं गाण्यामुळे ठोकतात, मी वाटू दिलं. त्यांना तर तुझं गाणं किती आवडतं! त्यांच्या घराची चावी आपल्या देवघराच्या खणात आहे."

ऋतानं देवघराचा खण ओढला.

"ऋता? ऐकतेयस ना? आज नाही ना वाजवली त्यांनी भिंत?"