लागोपाठ चौथा डाव
दिव्यानी गोंडपिपरीला माहेरी परत आली, तेव्हापासून मूलच्या राइस मिलमध्ये कामाला असलेला तिचा भाऊ धनराज दर रविवारी तिच्याशी मोबाइलवर बुद्धिबळ खेळायचा. घरचे सगळे आपापल्या फोनवर डाव बघत आणि खाली काहीबाही लिहीत, पण ते खेळणाऱ्या दोघांना डाव संपेपर्यंत दिसत नसे. त्या दुपारी नेटवर्क सारखं जात होतं, त्यात धनराज एकेका चालीला दहा-दहा मिनिटं लावत होता. दिव्यानी पार वैतागली. पण शेवटी तीच जिंकली. लागोपाठ चौथा डाव! खुशीत तिनं खालचं लिखाण उघडलं. वहिनीनं लिहिलं होतं, "हिचा वजीर फुकट भेटत होता, पण ह्यायनं मारला नाई. मुद्दाम हरून राह्यले. लग्न मोडलं ना बिचारीचं." त्याखाली काका, आत्या, सगळ्यांचे रडके इमोजी. दिव्यानीचे कान तापले. तिनं तडक धनराजला फोन लावला. "भाऊ, माझा वजीर काऊन नाई मारला?" "तुले जरा बरं वाटावं म्हणून..." धनराज चाचरला. "माझं लग्न मोडलं, डोकं नाई! खेळाचं असन तं खरं खेळ, नाईतर राहू दे." धनराजनं नवा डाव लावला. तो दिव्यानी बावीस चालींत हरली, आणि चिडून तिनं लगेच पुढचा लावला.