पिंपावरची मोटर

अंगणात पाण्याच्या पिंपाला होडीची जुनी मोटर लावून नावाडी सकाळपासून तिच्याशी झटत होता. वेग पार खाली आणला तरी ती बोंबलत राहायची, आणि मंद वेग ठरवणारा स्क्रू जरा जास्त सैल झाला की बंद पडायची. त्याने कान लावून स्क्रू केसभर सैल केला, मग आणखी केसभर. अखेर एकदाची मोटर मांजरासारखी घुरघुरू लागली. इतकी हळू, की स्वयंपाकघरात फोनवर बोलणाऱ्या बायकोचा आवाज ऐकू आला.

“बोल गं, इंजिन चालू आहे, त्यांना काही ऐकू जात नाही,” ती लेकीला सांगत होती. “बाळाला बघायला मी एकटीच येते. बाजाराचं निमित्त काढीन. नात झाल्याचं तुझ्या बाबांना कळू दिलेलं नाही.”

लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा ‘तू मला मेलीस’ असं त्यानेच तिला सुनावलं होतं.

नाव काय ठेवलं, एवढं तरी विचारावं म्हणून तो उठला. तेवढ्यात बायको दबक्या आवाजात म्हणाली, “थांब हं, आवाज कमी झाला वाटतं.” आणि गप्प झाली.

तो परत खाली बसला आणि त्याने स्क्रू पुन्हा आवळला. मोटर बोंबलू लागली. आता मायलेकी फोनवर मोकळेपणी बोलत असतील. त्याला काही ऐकू येत नव्हतं.