ओली पाटी

सकाळी बॉयलर फुटला. दुपारी बढती आली.

"बस," मोठ्या साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली. "आजपासून विभागप्रमुख तू."

इंजिनिअर उभाच राहिला. दोन कामगार भाजून इस्पितळात होते. झडप बदला म्हणून तो वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आला होता. प्रमुखाचं पद रिकामं ठेवून कारभार साहेबच बघत, आणि "बघू रे" म्हणत.

"आजच कशाला, साहेब?"

"लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये!"

बाहेर रंगारी पाटीवर त्याचं नाव रंगवून निघूनही गेला.

तेवढ्यात चौकशी अधिकारी आले. पाटी वाचताना त्यांनी नावावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

इंजिनिअरचा जीव भांड्यात पडला. कळलं यांना!

साहेबांनी आपला रुमाल पुढे केला. अधिकाऱ्यांनी बोट नीट पुसलं, रुमाल घडी करून परत दिला आणि ते इंजिनिअरकडे वळले.

"हं, प्रमुखसाहेब. झडप का नाही बदललीत?"