सत्तर की ऐंशी?

ठासणीच्या बंदुकीपायी हार्लनने महिनाभर बायकोचं डोकं खाल्लं. गोळी हलकी घ्यावी की जड, आणि तिच्याखाली नळीत बंदुकीची दारू सत्तर ग्रेन घालावी की ऐंशी? स्वयंपाकघरातला वजनकाटा अडवून तो गोळ्याच तोलत बसायचा.

"अरे, हरीण काय तुला गोळीचं वजन विचारणार आहे?" एडना करवादायची.

नाताळ उलटला. शिकारीच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, बर्फात, अगदी वीस पावलांवर मोठ्या शिंगांचं हरीण उभं राहिलं. हार्लनने नेम धरून चाप ओढला. नुसतं फुस्स झालं! हरणाने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि रमतगमत निघून गेलं.

हात हलवत घरी आलेल्या नवऱ्याला एडनाने विचारलं, "मग, शेवटी दारू किती घातलीस? सत्तर की ऐंशी?"



"घालायचीच राहिली."