कप्तान कुंताबाईंची भिंगरी

२०२३ सालच्या डिसेंबरात, धानाची मळणी आटोपली त्या आठवड्यात, बिरसीच्या कुंताबाईंनी पहिल्यांदा गायरोकॉप्टर उडवलं आणि सरळ तळ्यात घातलं.

"आई वं! बुडली मी!" खाटेवर बसल्याबसल्या त्यांनी पाय वर घेतले.

"आजी, पाणी खोटं आहे," नात रुची म्हणाली. "भिऊ नको. परत उडव."

रुचीनं आजीला घातलेला चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचं, कानांवर वाट्या असलेलं एक डबडंच होतं. त्यात अख्खं जग होतं. डोंगर, तळी, देशोदेशीची माणसं. त्या जगात उडवायला रुचीनं घरी बसून हे यंत्र बनवलं होतं. दोन आसनं, मागं ढकलणारा पंखा, डोक्यावर भिंगरीसारखी फिरणारी पाती. पुण्याच्या एका कंपनीला ते इतकं आवडलं की त्यांनी तिला नोकरीवरच बोलावलं. पंधरा जानेवारीला हजर व्हायचं होतं. त्याआधी दोन नवख्या माणसांनी यंत्र एकत्र चालवून पाहायचं, अशी अट होती. कंपनीनं दोन चष्मे पाठवले. त्यातला एक बिघडलेला निघाला, असं रुची म्हणाली.

पण ती जाणार कशी? घरातले मोठे, मनोहरलाल, नाही म्हणाले होते. "पोरीच्या जातीनं एवढ्या दूर कायले जावं?" एवढंच बोलले आणि उठून गेले.

मनोहरलाल कुंताबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. वय शहात्तर. त्यांच्यापुढं घरात कोणी दुसरा शब्द काढत नसे, आणि कुंताबाईंना तर पहिलाही काढायची सोय नव्हती. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बिरसीच्या धावपट्टीवर म्हशी चरत होत्या. आता तिथून शिकाऊ पायलटांची विमानं दिवसभर घरावरून घरघरत जात. रीत मात्र सेहेचाळीस वर्षं तीच. अंगणात पाऊल टाकण्याआधी मोठे तीनदा खाकरत, आणि कुंताबाई कणकेच्या हातानं पदर हातभर पुढं ओढत. त्यांच्या सगळ्या साड्यांच्या काठाला पीठ असे, ते यामुळं.

उडायची वेळ दुपारी दोन ते तीन. तेव्हा मोठे खोलीला कडी लावून झोपत. पदराची काळजी नसे.

त्या जगात रुचीनं आजीला मिशाळ पायलट करून टाकलं होतं. आवाजसुद्धा घोगरा, पुरुषी. शेजारच्या आसनावर रेशमा असायची, दोन वेण्यांची, लाल फ्रॉकातली. "अर्जुनी मोरगावकडची आहे," रुचीनं सांगितलं. यंत्रात चढण्याआधी या रेशमाच्या गळ्यातून दरवेळी चिमणीसारखे तीन बारीक आवाज निघत.

"नेट अटकतं, आजी," रुची म्हणे.

रेशमाची जीभ मात्र कुठं अटकत नसे.

"कप्तान, डावीकडं घे! डोंगर येऊन राहिला!"

"मले दिसून राहिला न! तू गुमान नकाशा पाह्य. काल मले समुद्रात नेऊन राहिली होती."

"हाकता येत नाही, अन् नाव नकाशाचं! मंग मिशा कायले ठेवल्या?"

कुंताबाई इतक्या हसल्या की यंत्र नारळाच्या झाडात अडकलं. इतकं मोकळं भांडायला त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. नवरा भुवनेश्वर देवमाणूस. भांडण सुरू केलं की झोपी जाई.

आठ जानेवारीला यंत्र तळ्यावर तरंगत होतं आणि कप्तान गप्प होता.

"आज मुका काऊन?" रेशमानं विचारलं.

"का सांगू बाई. आमच्या घरी एक म्हातारा आहे. नातीले चांगली नोकरी लागली, अन् हा दारात आडवा पडला म्हशीवानी."

"वाईट असन म्हातारा."

"वाईट नाही नं! माह्या बाळंतपणात नाल्याले पूर आला, तं सुईणीले खांद्यावर बसवून त्यानं नाला पार केला."

"कप्तान," रेशमा म्हणाली, "तुह्या बाळंतपणात?"

"माह्या... बायकोच्या," कप्तान घाईघाईनं मिशीवर हात फिरवत म्हणाला. "भिऊन राहिला तो. पोरगी गेली तं वापस येणार नाही, असं वाटते त्याले. पण भेव त्याचं अन् शिक्षा पोरीले?"

रेशमानं तोंड पलीकडं वळवलं. खाली तळं नुसतं चमकत होतं.

"मंग त्याले कोणी सांगत काऊन नाही?"

"जिले सांगावंसं वाटते, तिले तोंड उघडायची मनाई आहे."

"उतरव, कप्तान. मले काम आहे."

कुंताबाईंनी चष्मा काढला आणि देवीला नारळ बोलल्या. दुसरा उपाय उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तीनदा खाकरणं झालं. कुंताबाईंनी पदर ओढला. मोठे मांडवाच्या खांबाकडं पाहत म्हणाले, "रुचीले पुण्याले जाऊ द्या. टेसनवर मी येईन सोडायले."

देवी इतक्या लवकर पावेल असं कुंताबाईंना वाटलं नव्हतं. एक बोलल्या होत्या, पाच नारळ पाठवले.

रुची आता पुण्यात असते. दर रविवारी फोन करते, सणावाराला घरी येते. तिची भिंगरी त्या जगात कुठल्या कुठल्या देशांची पोरं उडवतात. भुवनेश्वर अजूनही भांडणात झोपी जातो. मनोहरलाल अठ्ठ्याहत्तरचे झाले. खाकरणं तसंच आहे, पदर तसाच आहे, आणि भासरा-भावसुनेत अजून एक शब्द झालेला नाही.

रुचीनं चष्मा आजीलाच ठेवायला सांगितला. कप्तान आणि रेशमा रोज दोन वाजता उडतात, रोज भांडतात.

गेल्या मंगळवारी चष्म्याच्या डाव्या कानावरची वाटी तुटून पडली. कुंताबाई तशाच उघड्या कानानं बसल्या. लाल फ्रॉक उडवत रेशमा यंत्राजवळ आली. उजव्या कानात चिमणीसारखे तीन बारीक आवाज आले. आणि नेमके त्याच वेळी डाव्या कानात, भिंतीपलीकडून, कडी लावलेल्या खोलीतून, तीनदा खाकरणं ऐकू आलं.

मिशाळ कप्तानाचा हात दांडा सोडून आपसूक डोक्याकडं गेला आणि पदर शोधू लागला.